चाळीस घरांची चटणी

तानाक्का कुणाच्याही घरी गेली की आधी मुसळासाठी पाट मागायची, मग स्वतःसाठी. एकदा एका नव्या सुनेनं मुसळ नुसतंच भिंतीला टेकवून ठेवलं. तानाक्कानं ते उचलून खांद्यावर घेतलं. "पावण्याला हुभं ठेवतासा व्हय? येतो मी," म्हणाली आणि सरळ घरची वाट धरली. सासूनं अर्ध्या रस्त्यात गाठून समजूत काढली, तेव्हा कुठं स्वारी परतली.

तानाक्का आमच्या शहापूरची कांडपीण. मी सांगतोय तो काळ इंग्रजांचा. उन्हाळा लागला की आमच्या विणकरांच्या गल्लीत घरोघर वर्षाची चटणी व्हायची. आता बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं, की आमच्याकडं चटणी म्हणजे पानात डावीकडं वाढतात ती नव्हे. मिरची, धने, तीळ, खोबरं, लवंग, दगडफूल असं सगळं भाजून कांडलेला तांबडाभडक मसाला म्हणजे चटणी. मिरची ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. बाकी प्रमाण ज्या त्या घरचं निराळं, आणि ते त्या घरच्या बाईच्या पोटात. ते आणखी एकाच माणसाला ठाऊक असायचं, उखळाजवळ बसलेल्या तानाक्काला.

अशी चाळीस घरं तिच्या पोटात होती. एकीचं दुसरीला कळावं म्हणून बायकांनी काय काय केलं! कुणी गुळाचा चहा पाजला, कुणी लुगडं दाखवलं. तिचं उत्तर एकच, "सांगाय मी डांगोरा हाय व्हय?" एका फौजदारीणबाईंनी तर नवऱ्याच्या हुद्द्याचा धाक घातला. तानाक्का म्हणाली, "हिंडलग्याच्या तुरुंगात घाला की. तितल्या कैद्यांस्नी चटणी तरी बरी मिळंल." फौजदारीणबाईंनी विषय बदलला.

माणसंसुद्धा ती मसाल्यातच मोजायची. आमचे हेडमास्तर म्हणजे दगडफूल. "दिसाय वाळकं, पर त्याच्याबिगर शाळंला वास न्हाय." माझी आत्ती म्हणजे हिंग, चिमूटभरच बरा. मी खसखस, म्हणजे घातली काय अन् न घातली काय. मी मॅट्रिक पास झाल्याचे पेढे घेऊन गेलो, तेव्हा तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आता भाजल्याली खसखस!" ही बढती मी अजून अभिमानानं मिरवतो.

त्याच वर्षी थंडीत माझी आई तापानं गेली. तिच्या आमटीचा वास गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि जाणारा-येणारा क्षणभर थबकायचा. आईला त्याचा भारी गर्व होता. प्रमाण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, माझी बहीण इंदू हिलासुद्धा नाही. लग्न ठरलं की सांगेन म्हणायची. आणि इंदूचं लग्न ठरलं ते आई गेल्यावर, निपाणीत. आमच्यात सासरी जाणारी पोर माहेरच्या चटणीची बरणी घेऊन जाते, आणि पहिला स्वयंपाक त्याच चटणीत करते. बरणी होती. आत घालायला आईची चटणी नव्हती; तिनं केलेली वर्षाची चटणी तोवर संपून गेली होती.

आत्तीनं तीनदा अंदाजानं करून पाहिली. तिन्ही वेळा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एक घास खाल्ला, पाणी प्याले आणि मागावर जाऊन बसले. इंदू चुलीपाशी तोंड फिरवून रडायची. शेवटी मी तानाक्काकडं गेलो.

"तुज्या आईनं उखळावर हात ठिवून शप्पत घ्याय लावल्या," ती म्हणाली.

"पण आई आता नाही ना!"

"म्हून काय शप्पत मेली व्हय रं?"

मी चिडलो, भांडलो, नाही नाही ते बोललो. ती शांतपणे तांदूळ निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र मुसळ खांद्यावर घेऊन दारात हजर. पाट मागितला. सगळं सामान भाजून ढिगानं मांडायला लावलं, आम्हाला बाहेर कट्ट्यावर काढलं आणि इंदूला म्हणाली, "मी त्वांड उघडणार न्हाय. तू घालत जा. चुकलीस तर माजं मुसळ हलणार न्हाय."

आम्ही बाहेर कान लावून बसलो. इंदूनं उखळात धने घातले. मुसळ गप्प. तिनं मूठभर काढले, मुसळ गप्पच. तानाक्का म्हणे आढ्याकडं बघत बसली होती. इंदूनं पुन्हा थोडे घातले आणि धप्प! "धनं झालं!" आत्ती ओरडली. मग तीळ, मग खोबरं. लवंगेपाशी गाडी अडली ती तासभर. शेजारच्या बायका येऊन कट्ट्यावर बसल्या, कुणीतरी देवाला नारळ बोलली. आणि धप्प झालं तेव्हा सगळ्या गल्लीला आपलीच पोर पास झाल्यासारखं वाटलं.

ऊन कलताना तो वास आला. आईचाच. अण्णांचा माग थांबला. ते येऊन दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, आणि डोळे पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. तानाक्काची शपथ मोडली नव्हती आणि आमची चटणी निपाणीला निघाली होती. अशी बाई आमच्या गल्लीत होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

बरणीला फडकं बांधता बांधता इंदूनं विचारलं, "आक्का, तुमच्या आईची चटणी कशी असायची ओ?"

तानाक्कानं मुसळाला लागलेली चटणी हातानं पुसली. मग म्हणाली, "ठावं न्हाय गं. मी चार वर्सांची हुतो तवा गेली ती. सांगणारं कोण ऱ्हायलं न्हाय. चव तेवढी तोंडात हाय. म्हून तर हे काम धरलं, कुठल्या तरी घरात घावंल म्हून."

"घावली?"

"न्हाय. तुमची तेवढी लई जवळची हाय. म्हून तर दर उन्हाळ्यात पयल्यांदा तुमच्यात येतोय."

इंदूनं फडक्याची गाठ सोडली आणि मूठभर चटणी तिच्या पदरात घातली. तानाक्का नको म्हणाली नाही. पदर छातीशी धरून ती तशीच बसून राहिली, आणि आम्ही कुणीच तिला उठवलं नाही.