शासनाची त्यास हरकत नाही

आमच्या शाळेत शासन रोज सकाळी सायकलवरून येत असे. पँटच्या पायांना क्लिपा, गळ्यात शिट्टी, हँडलला डब्याची पिशवी. सायकल कडुनिंबाला टेकवली की आधी आभाळाकडे आणि मग आमच्याकडे बघून ते म्हणत, "हवा बरी आहे. शासन समाधानी आहे."

मी नगरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. पुणतांब्याजवळच्या एका गावातल्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, हे गृहस्थ खरंच कुणी अधिकारी असावेत. ते निघाले आमचे भूगोलाचे आणि कवायतीचे सर. 'मी' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच. चहा विचारला तर, "शासनाची त्यास हरकत नाही." चहात साखर कमी पडली तर, "बाब विचाराधीन आहे." एकदा सायकल घसरून त्यांचा गुडघा फुटला. मी धावत गेले, तर धुळीत बसल्या बसल्या म्हणाले, "घटना शासनाच्या निदर्शनास आली आहे." हेडमास्तरांपासून शिपाई दगडूमामापर्यंत सगळे त्यांना शासनच म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, आम्ही तोंडावर.

ते दुष्काळाचं वर्ष. एक दिवस जिल्ह्याहून परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांनी एकमेकांस चिडवू अगर छळू नये, शिक्षकांनी योग्य ते लक्ष द्यावे. हेडमास्तरांनी ते सूचनाफलकावर लावलं आणि हात झटकले. शासन मात्र हात मागे बांधून त्या कागदासमोर उभे राहिले.

"बाई, 'योग्य ते' म्हणजे काय हो?"

"माहीत नाही, सर."

"वरच्या शासनालाही माहीत नाही. म्हणून खालच्या शासनाला राबावं लागतं."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आदेश निघाला. जो कुणी दुसऱ्याला चिडवायचं नाव पाडील, त्याने ते नाव आठवडाभर स्वतः वापरायचं. हजेरीला तेच, खेळताना तेच, पाणी प्यायला जाऊ का विचारतानाही तेच. गुरुजनांनीसुद्धा त्याच नावाने हाक मारायची. छडी नाही, कोंबडा नाही.

चांगल्या डोळ्यांचा दत्तू आठवडाभर ढापण्या झाला. त्याच्या आजीनेही म्हणे त्याला तसंच जेवायला बोलावलं. एका पोराने तर शेजारच्याला मुद्दाम 'वाघ' म्हणून पाहिलं, म्हणजे आठ दिवस आपल्याला वाघ होता येईल. शासनाने त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "अर्ज फेटाळला आहे. खाली बसा."

आठवीत कौसल्या नावाची मुलगी होती. तिचे आईवडील रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत. तिथे मजुरांना सुकडी मिळे, गोडसर कोरडं पीठ. कौसल्याच्या डब्यात रोज तेच. तिच्या वर्गातल्या राजारामने तिचं नाव सुकडी पाडलं. त्याचे वडील तात्या गावातले बडे बागाईतदार, शिवाय शाळेच्या कमिटीवर, त्यामुळे नाव लगेच सगळ्या वर्गाने उचललं. तेही दबक्या आवाजात, शासनाच्या कानावर जाणार नाही असं. मुलगी डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. मी बघत होते. एका दुपारी ती माझ्याजवळ आली.

"बाई, सोमवारपास्नं मी न्हाई यायची. आईसंगं खडीवर जानार हाय."

"का गं?"

"तितं समदेच सुकडी खात्यात."

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी शिट्टी तोंडात घातली, पण ती वाजली नाही. मग उठले आणि थेट वर्गात गेले. त्या क्षणापासून राजाराम सुकडी झाला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरतेय तोच तात्यांची बुलेट फाटकात थांबली.

"कोन म्हनतं माज्या पोराला सुकडी?"

दगडूमामा आदेश पाळणारा माणूस. अदबीने म्हणाला, "सुकडी आत हाय तात्या. बोलवू का?"

तात्या लालबुंद. हेडमास्तर आपल्या खोलीत जाऊन काहीतरी शोधू लागले. मी पायरीवरच खिळले. सगळी शाळा मैदानात रांगा धरून उभी, आणि शासन समोर.

"मास्तर, म्या तालुक्याला तक्रार करनार! तुमची बदली जत-आटपाडीला न्हाई केली तर बघा!"

"अवश्य करा. शासन कागदही देईल," सर शांतपणे म्हणाले. "फक्त त्यात एक लिहावं लागेल, तात्या. की या नावाने हाक मारली की लेकराला त्रास होतो, त्याला जेवण जात नाही, त्याला शाळेत यावंसं वाटत नाही. लिहिता?"

तात्यांनी रांगेतल्या पोराकडे पाहिलं. राजाराम खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. तात्या त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "ती पोरगी कंची?"

कौसल्या पुढे आली.

"नाव काय तुजं, पोरी?"

"कौसल्या बबन शेळके."

"ऐकलंस का रं?" तात्या पोराकडे वळले. "आता तू म्हन. समद्यांना ऐकू जाईल असं."

राजारामने म्हटलं. पूर्ण नाव, मोठ्याने. आणि काय झालं कोण जाणे, मागच्या रांगांतूनही मुलं ते नाव म्हणायला लागली. सगळं मैदान कौसल्या बबन शेळकेने दणाणून गेलं. तात्यांनी बुलेटला किक मारली, ती तिसऱ्यांदा लागली. कुणी हसलं नाही. शासनाने तेवढी शिस्त राखली.

सोमवारी कौसल्या आली. सरांनी तिच्याकडे मैदानावरच्या हजेरीचं काम दिलं. ती आधी माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, सरांचं खरं नाव काय हाय?"

मला सांगता येईना. दगडूमामालाही आठवेना. शेवटी मीच धीर करून त्यांच्यापुढे उभी राहिले आणि नाव विचारलं. ते वाकून क्लिप काढत होते. दुसऱ्या पायाचीही काढली.

"शमुवेल. शमुवेल भास्कर गायकवाड. आई शामू म्हणायची." मग वर न बघता म्हणाले, "ती गेल्यावर घरी मी एकटाच. हाक मारायला कुणी नाही. इथे सगळे शासन म्हणायला लागले, म्हटलं, तेवढं तर तेवढं."

त्यांच्या तोंडून 'मी' मी पहिल्यांदा ऐकला.

मी कौसल्याच्या कानात नाव सांगितलं. तिने हजेरी खणखणीत घेतली. एकेका मुलाचं पूर्ण नाव. शेवटचं नाव झालं, सर शिट्टी वाजवणार, तेवढ्यात तिने अजून एक पुकारलं.

"शमुवेल भास्कर गायकवाड!"

मुलं इकडेतिकडे बघू लागली, हा नवा मुलगा कोण? सरांची शिट्टी ओठांतून सुटून छातीवर आली.

"हजर," ते म्हणाले. आम्हाला जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्यानं, सर!" दगडूमामा ओरडला.

"हजर!"

टाळ्या कुणी सुरू केल्या ठाऊक नाही. मीही वाजवत होते, हात दुखेपर्यंत.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, "गायकवाड सर, चहा घेणार?"

त्यांनी थोडा विचार केला.

"घेतो की," ते म्हणाले.