पूरपाहणीचं लढाऊ विमान

आख्ख्या कोल्हापुरात घरचं लढाऊ विमान असलेला माणूस मी एकटाच! तुम्ही म्हणाल, हा जिनेश चौगुले थापा मारालाय. एकदा घरी या की! जिना चढून वर आलात की डाव्या हाताला पाण्याची टाकी आणि उजव्या हाताला पत्र्याच्या खोलीत विमान. चप्पल तेवढी बाहेर काढायची.

आता हे विमान उडतं कॉम्प्युटरवर, ही गोष्ट खरी. फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात त्याला. समोर भला मोठा टीव्ही, त्यात आभाळ, ढग, डोंगर आणि मागं लागलेला शत्रू. बाकीचे लोक हा खेळ टेबलावर बसून कीबोर्ड बडवत खेळतात. आपण तसले न्हाई! उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. लोकांची गेटं आणि ग्रिल करता करता मी स्वतःसाठी एक कॉकपिट वेल्डिंग करून घेतलं. भंगारातनं ट्रक ड्रायव्हरची सीट आणली, पायात पेडलं बसवली, हातात स्टिक. वर्षभर खपत होतो. लग्नातसुद्धा एवढी तयारी केली नव्हती.

"अहो, गच्चीच्या दाराला कडी बसवा म्हणून कधीची सांगतेय," ऐश्वर्या म्हणाली. ही माझी बायको.

"वैमानिकाला असली कामं सांगायची नसतात!" मी म्हणालो. कडी अजून बसलेली नाही.

खऱ्या लढाऊ विमानात पायलटपुढं पडदे असतात आणि त्यांच्या कडेनं बटणं. घरी हे कसं जमायचं? तर टॅब लावायचे! विमानाचे पडदे टॅबवर आणायचे, बोट टेकवलं की बटण दाबलं गेलं. डावीकडं रडार, मधे इंजिन आणि उंची, उजवीकडं शस्त्रं. उजवीकडं थोडी जागा उरली म्हणून चाकं आणि दिवे पण तिथंच घुसवले. डावा टॅब माझा जुना, मधला ऐश्वर्याचा, काच तडकलेला. तिसरा नवा घ्यायचा म्हणजे ऐश्वर्याला उत्तर द्यायला पाहिजे. मग डोकं चालवलं. आईच्या वाढदिवसाला टॅब भेट दिला!

"आई, हा तुला! महाराजांची प्रवचनं आता मोठ्या पडद्यावर बघायची."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ऐश्वर्याच्या डोळ्यांत संशय. पण सगळं कसं बेतशीर चाललं होतं. सकाळी आईचं प्रवचन झालं की टॅब रिकामाच. मी गुपचूप वर नेऊन उजव्या स्टँडात बसवायचो. शिवाय एक करामत करून ठेवली होती. विमान चालू केलं आणि टॅब घरच्या वायफायवर असला की तो आपोआप विमानाला जोडला जायचा. सारखं सारखं जोडायची कटकट नाही! त्या करामतीवर मी इतका खूश होतो म्हणून सांगू!

माझी आई म्हणजे चंदनाकाकू. गल्लीत विचारा. झाडू मारताना मुंग्यांची रांग दिसली तर रांग संपेपर्यंत झाडू हातात धरून उभी राहते. एकदा ती गच्चीवर कपडे वाळत घालायला आली आणि विमानापाशी थबकली.

"जिन्या, हे लढायचं तर नव्हं?"

"छे छे! पूर आला की वरनं पाहणी करतात बघ, तसलं हाय हे."

"मग बरं हाय. घरात हिंसा नको बघ. तसलं काय दिसलं तर ही सीट आली तशी भंगारात!"

त्या साली पूर आला, ओसरलाही, पण माझी पाहणी चालूच राहिली. आता विमानाला मिसाईलं दिलीच आहेत तर ती काय नुसती पुसून ठेवायची? आवाज हेडफोनमधे, दार लोटलेलं, कुणाला पत्ता नाही.

आमचं एक पथक होतं. प्रमुख म्हणजे कसबा बावड्याचा उदयसिंह. ऊस, चार म्हशी आणि एक जॉयस्टिक असलेला गडी. म्हशींची धार काढून आला की हा थेट आभाळात! चातुर्मासातल्या एका रविवारी आमची पुण्याच्या पथकाशी मॅच ठरली. उदयसिंहानं आठवडाभर झोपू दिलं नाही.

"जिन्या, पुणेकरांसंगट हाय. इज्जतीचा प्रश्न हाय भावा!"

रविवारी पाच वाजता मी वर गेलो. बघतो तर उजवा स्टँड रिकामा! आईनं टॅब खाली नेलेला. नेऊ दे की, तिचाच आहे. मिसाईल काय, स्टिकच्या बटणानंही सुटतं. टॅब स्टँडातनं निघाला म्हणजे विषय संपला, असं मी धरून चाललो. हेडफोन चढवला आणि घेतली भरारी!

"जिन्या, मी पुढनं घुसतो. तू माझी पाठ राख," कानात उदयसिंह.

"राखतो की! तू बघच!"

एवढ्यात खट्ट! भर आभाळात माझ्या विमानाची चाकं खाली आली.

"आरं, चाकं का काढलीस? उतरालाईस काय?"

"मी न्हाई काढली!"

"मग काय तुझ्या आज्ज्यानं काढली?"

चाकं वर गेली. परत खाली आली. परत वर! सगळे दिवे लागले, विझले, लागले. लग्नाच्या मांडवात नसतील इतके दिवे! आणि मग विमानाच्या शेपटीतनं आगीचे गोळे सुटायला लागले. फ्लेअर म्हणतात त्यांना. शत्रूचं मिसाईल अंगावर आलं की ते चुकवायला सोडायचे असतात. इथं शत्रूचा अजून पत्ता नाही आणि माझे गोळे भुईनळ्यासारखे फुलालेत!

"कोल्हापूर," पुण्याचा कप्तान अगदी शांतपणे म्हणाला, "आपल्याकडे दिवाळी श्रावणात असते का?"

"जिन्या, बंद कर ते! आब्रू चालली!"

"मी काय करंनाच झालोय उदय! हात वर हायत माझे!"

खरंच वर होते. म्हटलं वायर उंदरानं कुरतडली असणार. तेवढ्यात पोटाखालनं सूंऽऽऽ करून एक मिसाईल निघालं. समोर एकच विमान होतं. आमच्या पथकप्रमुखाचं.

"जिन्या! माझ्या मागं काय लागलंय ते?"

"वळ, उदय! वळ!"

"कुणीकडं वळू?"

धडाम्!

त्यानंतर उदयसिंह जे बोलला ते चातुर्मासात लिहिता येत नाही. मॅच तिथंच संपली. मी हेडफोन फेकला, वायरी तपासल्या, सगळ्या धडधाकट! आणि मग एकदम माझ्या डोक्यात ती वायफायची करामत आली. जिना उतरलो की कोसळलो ते आठवत नाही.

स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून तिची घाई. टॅब पिठाच्या डब्याला टेकवलेला. आणि टॅबवर माझे हिरवे-लाल चौकोन!

"बरं झालं आलास," आई म्हणाली. "आज जयसिंगपुरातनं संध्याकाळचं प्रवचन हाय म्हणून हे घेऊन बसले, तर महाराज घडीघडी जायालेत आणि हे हिरवं यायालंय. दाबून दाबून बोट दुखालं."

मी टॅबकडं बघितलं. चाकांवर पीठ. दिव्यांवर पीठ. फ्लेअरवर तर पिठाचा थरच. आणि लाल चौकोनावर, जिथं मिसाईल सुटतं तिथं, एक स्वच्छ, पांढरा, गोल ठसा. मुंगीला वाट देणाऱ्या बाईनं कसबा बावड्याचा धडधाकट गडी आभाळातनं खाली पाडला होता! हे तिला कळलं तर ती किती दिवस उपास धरेल, आणि या वयात तिला ते सोसेल का? मी चटकन शर्टाच्या टोकानं तो ठसा पुसला.

"ते का पुसालास?"

"पीठ लागलंय."

"पीठ सगळीकडंच लागलंय. तेवढंच का पुसलंस?"

मी काहीतरी पुटपुटतोय तोवर दारात बुलेट थांबली. बावड्यापास्नं आमच्या घरापर्यंत उदयसिंहानं गाडी कशी मारली असेल ते त्यालाच ठाऊक!

"काकू, जय जिनेंद्र!" उंबऱ्यातनंच ओरडला. "तुमच्या ह्या पोरानं मला मारलं!"

"आगं बाई! कुठं मारलं? बघू!" आई पिठाच्या हातानंच त्याचं डोकं चाचपायला लागली.

"तसं न्हवं काकू! माझ्यावर मिसाईल सोडलं ह्यानं! माझं विमान जाळलं!"

ऐश्वर्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि खुर्ची ओढून निवांत बसली.

"मिसाईल?" आई माझ्याकडं वळली. "पूरपाहणीच्या विमानाला?"

आता सांगा, काय करायचं? खरं सांगावं तर आईचा जीव हळहळणार. खोटं सांगावं तर माझं विमान जाणार. वर्षभराची मेहनत, ती सीट, ती पेडलं सगळं डोळ्यांपुढनं गेलं. पण आई ती आईच!

"मीच सोडलं, आई," मी म्हणालो. "चुकून सुटलं."

"उद्या सीट भंगारात," आई म्हणाली.

मला रडूच यायचं बाकी होतं. तिथं विषय संपला असता. पण उदयसिंहाला गप्प बसवंल तर ना!

"पण काकू, गडी येडा झाल्यागत करत हुता! मधीच चाकं काढतोय, मधीच दिवं लावतोय! ह्ये बघा की रेकॉर्डिंग!"

त्यानं मोबाईल आईपुढं धरला. आईनं चष्मा लावला. चाकं खाली, चाकं वर. दिवे, गोळे, परत गोळे. आई बघत राहिली. मग तिनं टॅबकडं बघितलं. मग माझ्या शर्टाच्या टोकाला लागलेल्या पिठाकडं.

"हे प्रवचनाच्या वेळंचं का रे?"

"व्हय काकू, पाचनंतरचं."

"जिन्या," आई हळूच म्हणाली, "हे मी दाबत होते."

ती पाटावर बसली. मी धावत जाऊन तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, आता धरतीय उपास! पण आई उदयसिंहाला विचारते, "तुला लागलं का रे?"

"मला काय लागतंय काकू? मी घरात खुर्चीवर हुतो. पडल्यावर च्या पिऊन आलो की."

"बरं." आईनं थोडा विचार केला. "महाराज आज हेच सांगत होते. हिंसा हातानं होत न्हाई, भावानं होते. मनात काय असतं त्यावर सगळं. माझ्या मनात प्रवचन ऐकायचं होतं. मला पाप न्हाई."

"बरोबर आई! शंभर टक्के बरोबर!" मी टाळीच वाजवली. जीव भांड्यात पडला!

"आणि तुझ्या मनात काय असतं, जिन्या? रोज वर बसतोस तेव्हा?"

"पाहणी..."

ऐश्वर्याला ठसका लागला.

म्हणजे बघा! मिसाईल सोडलं आईनं, ती सुटली. आणि त्या दिवशी एका बटणालाही बोट न लावलेला मी पापाचा धनी! बरं, उलट बोलायची सोय नाही, कारण मनात काय असतं ते मला ठाऊक होतं.

"काकूंचं बरोबर हाय!" उदयसिंह म्हणाला. मेलेला माणूस फार बोलत होता.

"महिनाभर भडंग बंद," आईनं निकाल दिला.

बाहेरच्यांना ही शिक्षा कळायची नाही. आमच्याकडं जयसिंगपूरहून येणारं भडंग, तेही आईसाठी मुद्दाम बिनलसणाचं, संध्याकाळच्या चहाबरोबर नसेल तर माझा दिवस मावळतच नाही.

"आई, सीट ने, पण भडंग..."

"सीट राहू दे. खरं बोलायला गेला न्हाईस, पण माझ्यासाठी खोटं बोललास. तो टॅब माझाच हाय न्हवं? वाढदिवसाचा?"

"व्हय."

"मग ते चौकोन माझ्याकडं राहणार. लाल सोडून. ते आगीचे गोळे कशाला असतात?"

"मिसाईल चुकवायला. जीव वाचवायला."

"मग ते मी सोडणार."

तेव्हापासून माझ्या सीटमागं एक प्लास्टिकची खुर्ची असते. त्यावर आई, डोळ्यांना चष्मा, मांडीवर टॅब. लाल चौकोन मी स्वतः काढून टाकला, स्टिकवरचं बटणही. मी कुणाला पाडू शकत नाही, पण मला पाडून दाखवा! आईचं बोट असं काही चालतं की पुण्याची मिसाईलं गोळ्यांच्या मागं लागून भलतीकडं जातात. उदयसिंह मॅचच्या आधी फोन करतो तो असा, "काकू हायत काय? मग तू बी ये." आणि मॅच सूर्य मावळायच्या आत संपवायची, कारण आईला जेवायचं असतं. पुण्याच्या कप्तानानं तसं लेखी कळवलं आहे, "आपली सूर्यास्ताची अट आम्हांस मान्य आहे."

परवाच्या रविवारी तोच कप्तान माझ्या मागं लागला. एक मिसाईल सोडलं, आईनं चुकवलं. दुसरं सोडलं, चुकवलं. सगळी संपली! मग गडी चिडला आणि तसाच माझ्या शेपटीला चिकटून डोंगरात घुसला. मी वळलो. त्याला काही वळता आलं नाही. डोंगरावर ही एवढी आग!

"मी काय केलं न्हाई हं," आई लगेच म्हणाली. "त्याचा तोच गेला."

"व्हय आई, त्याचा तोच गेला."

"जरा मागं वळीव की विमान. धूर नीट दिसंना."

वळवलं. आईनं चष्मा पुसून धूर नीट बघितला. मग आम्ही खाली आलो. माझा महिना आदल्याच दिवशी संपला होता, म्हणून ऐश्वर्यानं चहाबरोबर भडंगाची परात मधे ठेवली. मी मूठ भरली. आईनं परात हळूच माझ्याकडं सरकवली.

"का गं? घे की."

"मला नको. महिनाभर सोडलंय."

"कधीपास्नं?"

"आत्तापास्नं."

"पण का?"

"तुला काय करायचंय?" आई म्हणाली. "चहा निवालाय. घे गप."