ढोलीचा ऐन

जयवंत पाष्टेच्या खेळाच्या पटावरच्या जंगलात गुरुवारी सकाळी गरुडाची जोडी उतरली, आणि दुपारच्या आत वनखात्याच्या बाई चौकशीला आल्या.

गरुड म्हणजे महाधनेश. पण कासारओझर गावात त्याला गरुडच म्हणतात. पिवळीधमक चोच, तिच्यावर तसंच पिवळं शिरस्त्राण, काळेपांढरे पंख. जोडीतला एकेक पक्षी चिंचोक्याएवढा होता, म्हणजे पटाच्या मानाने अगदी मापात. पंखांचा आवाज मात्र पूर्ण मापाचा होता. या झाडावरून त्या झाडावर गेले की घरावरून भरलेला ट्रक गेल्यासारखं वाटे आणि मांडणीवरची भांडी वाजत.

ते पहिल्यांदा दिसले रुपेशला, जयवंतच्या धाकट्या भावाला. तो नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर बसला होता. "दादा, गरुड," तो बोलून गेला. मग त्याची नजर पटापुढच्या रिकाम्या पाटावर गेली. दादाचं तेरावं नुकतंच झालं होतं.

जयवंत समुद्राकाठच्या एका लॉजवर गाडी चालवायचा. तिथे कुणी परदेशी पाहुणा खोलीत एक पेटी विसरून गेला आणि ती कधी परत मागवली नाही. पेटीच्या झाकणावर जंगलाचं चित्र होतं, आणि त्यापुढे शांत बसलेला एकच माणूस. आतल्या नियमांची लिपी गावात कुणालाच वाचता येईना. चित्रावरून जयवंतने एवढं ताडलं की हा खेळ एकट्याने खेळायचा, सावकाश, डोकं निवण्यासाठी. पिशवीतून एक लाकडी चकती काढायची. तिच्यावर झाड असेल, पाण्याचा पऱ्या असेल, कातळ असेल. ती पटावर लावायची आणि काय येतंय ते बघत बसायचं. चकत्यांवरची झाडं परमुलखातली होती. जयवंतने त्यांना ऐन, किंजळ, बेहडा म्हणायला सुरुवात केली, आणि हळूहळू ती तशीच झाली.

खेळ संपतो कसा, हे मात्र चित्रात नव्हतं. परदेशात म्हणे लोक तासाभरात डाव उरकतात आणि सगळं पेटीत भरून ठेवतात. पण कासारओझराला देवराई आहे. तिथली पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. लावलेलं झाड उचलायचं असतं, हे जयवंतच्या मनातच आलं नाही. त्यामुळे त्याचा डाव वर्षानुवर्षं चालला. आधी पट टेबलावर मावेनासा झाला, मग जुन्या दारांच्या फळ्या जोडाव्या लागल्या. पहिल्यांदा बुलबुल आले, मागून शेकरू आलं, एका पावसाळ्यात बेडूकही झाले. गावातली माणसं आत येताना चपला बाहेर काढू लागली. सोनू गुरवाने पटाच्या कोपऱ्यातल्या खड्याला शेंदूर लावला, तेव्हापासून शिमग्याला तिथे नारळ फुटू लागला.

रुपेशला या सगळ्याची घमेंड होती. शाळा त्याने सहावीतच सोडलेली. खाणीवर चिरे भरायचा. चहा निवेपर्यंतसुद्धा त्याला एका जागी बसवत नसे. हात आधी चाले, डोकं मागून पोचे. एकदा टेंपोवाल्याने दादाच्या खेळाला भातुकली म्हटलं, तेव्हा त्याच्या गालावर रुपेशची बोटं उमटली होती. पण पटापुढे तो कधी बसला नव्हता. खेळ एकट्याचा, आणि तो एकटा म्हणजे दादा. रुपेशची जागा उंबऱ्यावर. तिथून तो बघायचा, पाहुण्यांना बोट करून दाखवायचा, आणि म्हणायचा, "आमच्या दादाने लावलंय."

जयवंत गेला तोही पटापुढे बसल्या बसल्या, छातीत कळ येऊन. पिशवीतून काढलेली चकती त्याच्या मुठीतच राहिली. आंघोळ घालायच्या आधी रुपेशने ती मूठ उघडली आणि चकती आपल्या खिशात टाकली. तिच्यावर एक म्हातारा ऐन होता, खोडात मोठी ढोली असलेला. कडेला दादाच्या अंगठ्याचा तेलकट डाग होता. रुपेशने ती कुणाला दाखवली नाही. शर्ट बदलला की चकतीही खिसा बदलत होती.

वनपाल निकमबाईंनी चपला बाहेर काढल्या आणि भिंगातून सगळं जंगल पाहिलं. मग रुपेशच्या आईने दिलेलं पाणी पिऊन त्यांनी परिस्थिती सांगितली. जोडी ढोली शोधते आहे. गरुडाची मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, पिल्लं होईपर्यंत आतच राहते, आणि नर तिला फटीतून भरवतो. पण जयवंतरावांची झाडं अजून तरुण आहेत, ढोली एकातही नाही. रविवारपर्यंत ढोली मिळाली नाही तर जोडी निघून जाईल.

"आणि जंगल?" रुपेशने विचारलं.

"एकट्याच्या खेळात खेळणारा नसेल तर खेळ संपला, असा नियम आहे. संपलेला खेळ पेटीत भरावा लागतो. घरटं असेल तर भरता येत नाही, कारण मादी आत असते." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "मला हे आवडतंय असं समजू नका. पेटी मीच भरणार आहे, म्हणून आधी सांगते."

रुपेश तडक उठून खाणीवर गेला आणि छिन्नी घेऊन आला. त्याचं म्हणणं, एका किंजळाला ढोली पाडायला कितीसा वेळ लागतो. निकमबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. उभ्या झाडाला हत्यार लावणं गुन्हा आहे, आणि झाड केवढं आहे याचा कायदा विचार करत नाही, असं त्यांनी सांगितलं. सोनू गुरवही तापला. म्हणाला, "रुप्या, तुझ्या दादाने पान तोडलं न्हाय एवढ्या वर्षांत, आणि तू छिन्नी घेऊन येतोस?" रुपेशने छिन्नी अंगणात भिरकावली. ती तुळशीच्या कट्ट्यावर आपटली आणि कट्ट्याचा टवका उडाला.

शुक्रवारी आणि शनिवारी जोडीने एकेक खोड चोचीने ठोकून पाहिलं. ठोकल्याचा आवाज वाडीभर जात होता. शेजारणी येत, बघत, हळहळत. रुपेश दिवसभर परसात फिरायचा, पुन्हा उंबऱ्यावर यायचा आणि खिशावर हात ठेवायचा. लावलेली चकती उचलता येत नाही, हे गावात त्याच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी गरुड पटाच्या पार कडेला जाऊन बसले, जायला निघाल्यासारखे. निकमबाई पेटी पुसून घेऊन आल्या. सोनू गुरवाने शेंदराच्या खड्यापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या जंगलाच्या राखणदारा, आज हा जो वनखात्याचा पेच पडला हाय..."

"व्हय म्हाराजा," जमलेले म्हणाले. निकमबाईही म्हणाल्या, कारण पेच त्यांच्याच खात्याचा होता.

"...तो तू सोडव, आणि आमच्या जयवंताची राई पेटीत जाऊ देऊ नको."

"व्हय म्हाराजा."

आई भिंतीला टेकून बसली होती. जयवंत गेल्यापासून ती कुणाशी फारशी बोलली नव्हती. आता ती रुपेशला म्हणाली, "बाबू, तुझ्या खिशात हाय ते मी धुताना पायलंय. दोन वेळा शर्टातच ऱ्हायलं होतं. मीच परत ठेवलं."

सगळे रुपेशकडे बघू लागले. त्याने चकती काढली, पण दिली नाही. मुठीत धरली. निकमबाईंनी पेटी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसल्या.

"ढोली आहे का?"

"आहे."

"तुम्ही मयताचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"खेळ येतो?"

"बघून येतो. उंबऱ्यावरनं."

"ती लावली तर परत मिळणार नाही, हे माहीत आहे?"

"त्याच्यावर दादाचा अंगठा आहे, बाई."

निकमबाईंनी भिंगातून अंगठा पाहिला. खरं आहे, म्हणाल्या. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. तो त्यांना विचारावाच लागत होता.

"हा खेळ एकट्याचा आहे. खेळणाऱ्याने तसं तोंडाने सांगावं लागतं. तुम्ही एकटे आहात का?"

रुपेशला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. भेटायला येणारे सगळे म्हणत होते, आम्ही आहोत ना. खाणीवरचे म्हणाले, मामा म्हणाले, टेंपोवालाही येऊन म्हणाला. रुपेशने पाटाकडे पाहिलं. कडेला बसलेल्या नराने पंख झाडले आणि भांडी वाजली.

"हो," रुपेश म्हणाला. "दादा गेला. आता मी एकटाच आहे."

"ठीक आहे," निकमबाई म्हणाल्या आणि उठल्या. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, गुरवालाही. माणसं अंगणात उभी राहून सल्ले देऊ लागली. कुणी म्हणे मधोमध लाव, कुणी म्हणे पऱ्याच्या काठी, पाण्याला बरं. सोनू गुरव ओरडून म्हणाला की घाई करू नको, आयुष्यात एकदा तरी घाई करू नको.

रुपेश पाटावर बसला. पाट दादाच्या मापाचा झिजलेला होता. इथून जंगल वेगळं दिसत होतं. आजवर त्याला ते दारातून दिसायचं, आणि त्याला वाटायचं की ते सगळीकडून तसंच मोकळं असणार. तसं नव्हतं. इतर तिन्ही बाजूंना दादाने उंच झाडं दाट लावली होती. फक्त दाराच्या बाजूला सगळं बुटकं होतं. करवंद, गवत, कातळ. मधून एक मोकळी वाट गेली होती. रुपेशने मान खाली घालून त्या वाटेने नजर टाकली. ती सरळ उंबऱ्यावर जाऊन पोचली, तो बसायचा बरोबर त्या जागी.

वर्षानुवर्षं दादाच्या हातात उंच झाडं आली असणार, आणि दर वेळी त्याने ती दुसरीकडे लावली असणार.

मग रुपेशने घाई केली. विचार करत बसला असता तर मूठ उघडली नसती. त्या मोकळ्या वाटेच्या आतल्या टोकाला त्याने म्हातारा ऐन लावला, ढोलीचं तोंड दाराकडे करून. अंगठ्याचा डाग थोडा वेळ दिसला, मग त्यावर साल चढली.

गरुडांनी ऐनाला दोन फेऱ्या घातल्या. अंगणातल्या बायकांनी डोक्यावरचे पदर धरले. मादी ढोलीच्या तोंडावर बसली, आत वाकून बघितलं, आणि शिरली. तिसऱ्या प्रहरापर्यंत तिने चिखलाने दार लिंपून घेतलं. चोचीपुरती फट तेवढी ठेवली. निकमबाईंनी भिंगातून लिंपण तपासलं, चांगलं झालंय म्हणाल्या, आणि पेटी माळ्यावर ठेवायला सांगितली. जाताना त्या उंबऱ्याशी थांबल्या. अशी राई त्यांनी साहेबांच्या घरीसुद्धा पाहिली नव्हती, म्हणाल्या, आणि कुणी लावली असं विचारलं. लावणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

"आमच्या दादाने," रुपेश म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. मग म्हणाला, "ढोलीचा ऐन मी लावलाय."

माणसं पांगली. आई आत गेली नाही. ती येऊन उंबऱ्यावर बसली, रुपेशच्या जागेवर, आणि पदराने डोळे पुसून त्या वाटेने बघू लागली. थोड्या वेळाने नर चोचीत उंबर घेऊन आला. त्याच्या पंखांच्या वाऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर हललं. फटीतून मादीची चोच पुढे आली.

"घेतलंन," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "आता डाव कुणाचा?"

"माझाच," रुपेश म्हणाला. "नंतरचाही माझाच." आणि त्याने पिशवीत हात घातला.