लावणाऱ्यानंच काढायचा

रोह्याजवळ वरसेला आमच्या बिल्डिंगमध्ये कधी आलात आणि जिन्यातल्या दिव्याच्या बटणावर लाल पुठ्ठा लटकलेला दिसला, तर कृपा करून त्याला हात लावू नका. "काम चालू आहे. बटण दाबू नये," असं त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असेल. काम कुठेच चालू नसेल. काम करणारा माणूस आत झोपाळ्यावर बसून बशीतून चहा पीत असेल. तरीही हात लावू नका. तो घरत काकांचा टॅग आहे, आणि तो काय प्रकार आहे हे अख्खी बिल्डिंग एकदा तहानेनं शिकली आहे.

घरत काका माझे शेजारी. भिंतीला भिंत. त्यांची सगळी नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये गेली. तिथला नियम असा, की मशीन दुरुस्तीला घेतलं की आधी त्याचं बटण बंद करायचं आणि त्यावर लाल टॅग लटकवायचा. नाहीतर आत एकाचा हात असायचा आणि बाहेरून दुसरा बटण दाबायचा! आणि ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कुणी नाही, अगदी मालकानंसुद्धा नाही. काका रिटायर झाले, पण टॅग काही रिटायर झाले नाहीत. मिक्सर धुवायचाय, लाव टॅग. पंखा पुसायचाय, लाव टॅग. रोज संध्याकाळी घरभर फिरून ते सगळ्या बटणांवर नजर टाकतात आणि स्वतःलाच मोठ्यानं रिपोर्ट देतात, "सगळं नॉर्मल!" एकदा तापानं फणफणले होते, तेव्हा मी विचारलं, "काका, कसं वाटतंय?" दात वाजत होते, पण उत्तर तेच. सगळं नॉर्मल.

तर ती तहानेची गोष्ट. पाण्याचा पंप आवाज करतोय म्हणून काकांनी तो बंद केला, टॅग लावला आणि पाना आणायला घरात आले. तेवढ्यात खांब गावाहून भाच्याची गाडी आली दारात. साखरपुड्याला उशीर होत होता, काका तसेच गाडीत बसून गेले. इकडे टाकी कोरडी! आम्ही बायका बादल्या घेऊन खाली उभ्या. सेक्रेटरीनं फोन लावला, "घरतसाहेब, तो पुठ्ठा मी काढतो."

"हात लावायचा नाय! मी येतो!"

आणि आले की हो! पंगतीतून उठून, रिक्षा करून, कपाळावर गंध तसंच. पान्यानं पंपाचं काहीतरी पिळलं, टॅग काढला, बटण दाबलं, "सगळं नॉर्मल" म्हणाले आणि त्याच रिक्षानं उरलेलं श्रीखंड खायला परत गेले. जाता जाता सेक्रेटरीनं त्यांना अडवलंच. "अहो, पण लावणारा आलाच नाही तर? मेलाबिला तर?"

काका जराही चिडले नाहीत. "त्याचा पण नियम हाय. शिफ्ट इन्चार्जनं एक साक्षीदार घ्यायचा. दोघांनी टॅगसमोर उभं राहायचं. इन्चार्जनं मोठ्यानं बोलायचं, टॅग लावणारी व्यक्ती प्लँटवर नाही. साक्षीदारानं पण बोलायचं, नाही. मगच काढायचा. पण माझ्या सगळ्या नोकरीत ती वेळ आली नाय."

या माणसावर राज्य करणारी एकच व्यक्ती होती, आमच्या काकी. त्यांनी टॅगला टॅग शोधून काढला होता. लाल टिकली! काकांना डायबेटिस, म्हणून साखरेच्या डब्यावर टिकली. मालिका चालू असली की रिमोटवर टिकली. "तुमचा पुठ्ठा, माझी टिकली. नियम तो नियम," असं त्या म्हणायच्या आणि मला डोळा मारायच्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, काका साखरेच्या डब्यासमोर उभे राहून उसासे टाकायचे, पण टिकली हलवायची त्यांची छाती नव्हती.

काकी आजारी पडल्या आणि गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिकडे कॅनडात त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, वैशालीला, मुलगी झाली. ओवी. हे सगळं इतकं पाठोपाठ झालं, की रडावं की पेढे वाटावेत हेच आम्हाला कळेना.

वैशालीनं आईवडिलांना एक लॅपटॉप घेऊन दिला होता. त्यावर काका दर रविवारी लेकीशी बोलायचे. ती त्यांना दिसायची, ते तिला दिसायचे नाहीत, कारण लॅपटॉपचा कॅमेरा चालत नव्हता. मोबाइल म्हणाल तर काकांकडे जुना बटणांचा. कंपनीच्या गेटवर कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नसत, म्हणून यांनी तो आयुष्यात घेतला नाही. आता कुठलं गेट आणि कुठलं काय, पण सांगणार कोण!

एका रविवारी वैशाली रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, ओवी आता माणसं ओळखते. तुमचा आवाज आला की काळ्या चौकटीकडे बघून हात हलवते. तिला वाटतं आजोबा म्हणजे ती चौकटच. शनिवारी पहिला वाढदिवस आहे तिचा. त्या दिवशी तरी दिसा हो!"

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दुकानात हजर. रोह्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, तेवढ्यावर बिल्डिंगनं मला इंजिनियर करून टाकलंय.

"काय गो पोरी, कॅमेरा डिटेक्ट होत नाय. लाइन ट्रेस करायला ये, फॉल्ट कुठं हाय बघ."

"काका, माझ्या फोनवरून बोला ना. एका मिनिटाचं काम."

"तो तुझा प्लँट. मला माझा चालू करायचाय."

म्हटलं, चला! मला तर असल्या कामाचा भारी उत्साह. ओढणी कमरेला बांधली आणि त्यांच्या घरी जाऊन बसले. लॅपटॉप बंद करून चालू केला. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याला परवानगी दिली. अपडेट टाकले, ड्रायव्हर काढून परत घातला. लॅपटॉप एकच पालुपद लावून बसलेला, कॅमेरा सापडला नाही. सापडला नाही म्हणजे काय मेल्या? हा काय वर काचेमागे माझ्याकडे टकामका बघतोय!

काका माझ्या उजवीकडे खुर्ची टाकून बसले होते. उजवा तळवा लॅपटॉपच्या कडेवर ठेवलेला.

"काका, हात काढा ना. मला माऊस हलवता येत नाही."

"बेअरिंग गरम होतंय का बघतो."

"अहो, लॅपटॉपला बेअरिंग नसतं!"

"हात असू दे गो."

मी चहा करून आणला, तो त्यांनी डाव्या हातानं प्यायला, पण उजवा काही हलला नाही. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

शनिवार उजाडला तरी कॅमेरा सापडेना. मग मी हट्टालाच पेटले. पेण माझं माहेर, तिथे माझ्या भावाच्या दोस्ताचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या दुकानाला कुलूप लावलं आणि सकाळच्या एसटीनं निघालो. काकांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून बाळासारखा मांडीवर घेतलेला. वडखळला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. मी घड्याळ बघून कासावीस, आणि हे नुसते खिडकीबाहेर बघतायत. एरवी वडखळ आलं की टपरीवरच्या चहाची चौकशी करणारा माणूस!

पेणच्या दुकानात पोचल्या पोचल्या काकांनी त्या दुकानदाराला विचारलं, "उघडायचं परमिट कोण देणार?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी दिलं, तू कर." त्यानं भराभर सगळं तपासलं आणि मान हलवली.

"ताई, सॉफ्टवेअर ठीक आहे. याला कॅमेरा मिळतच नाही, म्हणजे कुठेतरी कट झालाय. या मॉडेलला कडेला एक बारकं बटण असतं बघा, ते सरकवलं की कॅमेरा बंदच..."

असं म्हणत तो लॅपटॉप तिरका करायला गेला, आणि काय सांगू! काकांनी तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला!

"परमिट संपलं!"

टॉवेल गुंडाळला आणि तरातरा दुकानाबाहेर. मी चपला घालत मागे धावले. दुकानदार आ वासून बघतच राहिला.

परतीच्या एसटीत माझा स्फोट झाला. "काका, दुकान बंद ठेवून मी पेणला आले! एक बटण सरकवायचं, ओवी तुम्हाला बघणार, आणि तुम्ही पळून काय येता? कमाल झाली तुमची!"

काकांनी टॉवेलाचं एक टोक बाजूला केलं आणि लॅपटॉपची उजवी कड माझ्याकडे वळवली. तिथे बारकं बटण होतं. आणि त्या बटणावर लाल टिकली.



"तिची केमो चालू होती," काका म्हणाले. "केस गेले सगळे. वैशालीला सातवा महिना. पोरगी बघंल आणि हाय खाईल म्हणून हिनं मला विचारलं, याचा डोळा कुठून बंद होतो? मीच दाखवलं. हिनं बटण सरकवलं आणि वर टिकली लावली. बोलली, केस आले की मीच काढीन, तुम्ही हात लावायचा नाय."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? मग मला एवढं नाचवलंत कशाला?"

"वाटलं, दुसऱ्या कुठल्या लाइनीनं चालू झाला, तर हिचा टॅग तसाच राहील."

मी ढसाढसा रडले. भर एसटीत. कंडक्टर पुढे येऊन विचारतो, "ताई, गाडी लागते का?" काकांनीच त्याला सांगितलं, "नाय हो. सगळं नॉर्मल."

संध्याकाळी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. लॅपटॉप टेबलावर ठेवला, उजवी कड आमच्याकडे करून. मला म्हणाले, "तू साक्षीदार. बाजूला उभी राहा." मी उभी राहिले. हसू येण्यासारखंच होतं हो सगळं, दोन शहाणीसुरती माणसं एका टिकलीसमोर सावधान उभी! पण मला हसू आलं नाही.

"टॅग लावणारी व्यक्ती," काकांनी खणखणीत सुरुवात केली आणि थांबले.

लॅपटॉप वाजायला लागला. वैशालीचा फोन. काकांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी म्हटलं, "काका, ओवी थांबलीय."

"टॅग लावणारी व्यक्ती प्लँटवर," त्यांनी डोळे मिटले, "नाही."

आता माझी पाळी होती. काकींना न्यायची तयारी मीच केली होती, हळदीकुंकू मीच लावलं होतं. पण त्या नाहीत असं मोठ्यानं मीही कधी म्हटलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

काकांनी नखानं टिकली अलगद सोडवली. बटण सरकवलं. कॅमेऱ्याशेजारी इवलासा दिवा पेटला!

"सापडला! काका, सापडला कॅमेरा!" मी अशी किंचाळले की समोरच्यांनी दार उघडलं.

"बाबा! दिसलात!" पलीकडे वैशालीही किंचाळली. "अहो, किती वाळलात! जेवता का नीट?"

"सगळं नॉर्मल," काका म्हणाले. डोळ्यांतून नुसत्या धारा लागलेल्या.

फुग्यांच्या मधोमध ओवी बसली होती, झालरीच्या फ्रॉकमध्ये. ती काकांकडे टक लावून बघत होती, हा कोण नवीन बाबा? काका हात हलवत म्हणाले, "ओव्या, आजोबा गो, आजोबा!" आवाज ओळखीचा निघाला तशी ती दचकली. मग तिची नजर काकांच्या बोटावर गेली. बोटाला टिकली तशीच चिकटलेली होती. बोट इकडे गेलं की ओवी इकडे बघायची, तिकडे गेलं की तिकडे. आणि खुदकन हसली! दोन्ही हात पुढे करून टिकली पकडायला झेपावली.

"बाबा, बोटाला काय ते? रक्त आलंय का?"

"नाय गो. आईची टिकली हाय."

वैशालीनं ओवीला उचलून स्क्रीनच्या अगदी जवळ आणलं आणि काकांनी बोट पुढे केलं.

आता रोज संध्याकाळी माझ्या भिंतीपलीकडून ओवीचं खिदळणं ऐकू येतं. काल विरजण मागायला गेले, तर लॅपटॉपच्या कडेला नवा लाल पुठ्ठा लटकत होता. नेहमीच्या अक्षरांत, पण मजकूर उलटा. "चालू आहे. बंद करू नये."

मी मुद्दाम चिडवलं, "काका, आता हा टॅग कोण काढणार?"

"त्याची घाई नाय," काका म्हणाले. "लावणारा प्लँटवर हाय."