बिनपक्षाचा रंग

आमच्या तलवाड्यात रंगनाथतात्यांचं घर तेवढं बिनरंगाचं आहे. गिलावा झाला, दारं-खिडक्या बसल्या, वास्तुशांतीला सगळं गाव जेवून गेलं. पण भिंती अजून सिमेंटच्याच. ऐपत नाही असं नाही. तात्यांना चालेल असा रंगच अजून कुठं तयार झालेला नाही.

हे मी खात्रीनं सांगतो, कारण गावात रंगाचं दुकान माझं आहे. तात्या येतात, बाकड्यावर बसतात, शेडकार्ड मागून घेतात.

"अप्पा, ह्यो कसा वाटंल?"

"चांगलाय. हिरवट आहे, डोळ्याला थंड."

"थंड हाय, पर त्यांचा हाय."

बोट पुढं सरकतं. शेंदरी? "त्यो तर लईच त्यांचा." निळ्याला मालक, पिवळ्याला मालक, गुलाबी आत्ताच कुण्या नव्या पार्टीनं उचललेला. एकदा कंटाळून मी म्हणालो, "तात्या, पांढरा मारून टाका." त्यांनी माझ्याकडं कीव करून पाहिलं.

"पांढरं तर समदे पुढारीच घालत्येत. घर पांढरं केलं का लोक आत वाकून बघतील, सायेब आल्येत का म्हनून."

शेवटी मी वाळूसारखा एक रंग दाखवला. तात्यांना तो मनापासून आवडला. भिंतीला लावल्यासारखं कार्ड लांब धरून त्यांनी डोळे बारीक केले, आणि एकदम दचकले. "न्हाई रे बाबा! ह्या वाळूचोरीच्या तालुक्यात घराला वाळूचा रंग? उद्याच्याला तहसीलदार दारात."

मग कार्ड माझ्या हातात देऊन ठरलेलं वाक्य, "आपुन मोकळे हाव."

या मोकळेपणापायी त्यांनी काय काय केलं म्हणाल? पोळ्याला सगळ्यांच्या बैलांची शिंगं रंगली, तात्यांच्या बैलांना नुसतं गोडेतेल. भजनी मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडले, कारण ग्रुप चालवणारा टाळकरी एका पार्टीचा. कलिंगडसुद्धा घेत नाहीत; वरून एक, आतून दुसरं, लई दुटप्पी फळ म्हणतात. पारावर कुणी नुसतं विचारलं, "तात्या, वारं कुनीकडचं हाय?" तर म्हणतात, "मी सकाळपासून घराभाईर पडलो न्हाई."

पण गाव कुणाला मोकळं सोडतं? जो कोणाचाच नाही तो नक्की समोरच्याचा, असा आमच्याकडं हिशेब आहे. त्यामुळं दोन्हीकडचे लोक तात्यांना छुपा माणूस समजतात, आणि निवडणूक आली की दोन्हीकडचे उमेदवार सगळ्यात आधी त्यांच्याच पाया पडतात.

गंमत म्हणजे तात्या मुळात असे नव्हतेच. तालुक्यात त्यांच्याएवढा कट्टर कार्यकर्ता नव्हता. घोषणा द्यायला लागले की माईकची गरज पडायची नाही. मागच्या विधानसभेनंतर हा माणूस अचानक उलटा झाला. का, ते कुणालाच कळलं नव्हतं. मलाही गेल्या महिन्यात कळलं.

माल आणायला मी पिकअप घेऊन गेवराईला निघालो होतो. बाजाराचा दिवस होता. तात्या शेजारी येऊन बसले. गेवराईत शिरल्यावर एका गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि बंद गिरणीच्या ओट्यावर चपला काढून बसले. मीही उतरलो. समोर एक लोखंडी फाटक होतं.

"कौसीचं घर हाय," तात्या म्हणाले. कौसल्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण.

"मग इथं का बसलात? आत चला की."

तात्या फाटकाकडं बघतच बोलायला लागले. दाजी दुसऱ्या पार्टीचे. निकालाच्या दिवशी तात्यांच्या पार्टीची मिरवणूक याच गल्लीतून गेली. तात्या पुढं. दाजींच्या दारासमोर आल्यावर त्यांना चेव चढला आणि त्यांनी ओंजळभर गुलाल दारावर फेकला.

"दारात कौसी हुबी व्हती, अप्पा. समदा तिच्या तोंडावर गेला. तिनं डोळे चोळले. गुलालानं चोळले का कशानं, मला कळलंच न्हाई. डीजे पुढं सरकला, मी बी सरकलो."

दिवाळीच्या तोंडावर दाजींचा निरोप आला, भाऊबीजेला येऊ नका. तेव्हापासून तात्या दर बाजाराला या ओट्यावर येऊन बसतात. "पानी भराया भाईर येती, तवा दिसती," ते म्हणाले.

तेवढ्यात फाटक वाजलं. कौसल्याबाई पदर सावरत सरळ रस्ता ओलांडून आल्या. हातात चहाचे दोन कप.

"दर बाजाराला बसतूस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

तात्या धडपडून उभे राहिले. "कौसे, मी सोडलं समदं. पार्टी, झेंडा, काय बी ठिवलं न्हाई. आता मी कोन्हाचाच न्हाई."

"पार्टी सोड म्हनून कोन म्हनलं तुला? कर की. ह्यांची बी हायच ना पार्टी. पर माज्या दारात गुलाल कशापायी टाकलास, दादा?"

बाईंनी एक कप तात्यांच्या हातात दिला, एक माझ्या.

"आन् कोन्हाचाच न्हाई म्हनतूस," बाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी माजा बी न्हाईस का?"

मी पिकअपकडं बघत राहिलो.

फाटकाच्या आतून दाजींचा जाड आवाज आला. "पाव्हन्याला रस्त्यावर चहा पाजत्येत का गं? घरात खुर्च्या न्हाईत व्हय आपल्या?"

कौसल्याबाईंनी दोन्ही कप काढून घेतले आणि पुढं झाल्या. तात्या ओट्याशी उभे राहून चपला घालत होते. एक पायात गेली. दुसरी काही केल्या जाईना.