जिताडा कुणाच्या टेबलावर?

"डाक्तर, ह्यो तुमाला," म्हणत गोदूबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला हातभर लांब जिताडा डॉक्टर सत्यजीत यांच्या टेबलावर ठेवला, आणि दारात उभ्या असलेल्या आभाच्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

खरं म्हणजे आभा मासे खात नव्हती. पनवेलच्या बाजारात मासळीची बाजू आली की ती नाकाला ओढणी लावून पळत सुटायची. पण प्रश्न मासा खाण्याचा नव्हताच. प्रश्न होता तो कुणाच्या टेबलावर ठेवला गेला याचा. जिताडा म्हणजे या पट्ट्यातल्या खाड्यांचा आणि तळ्यांचा राजा. तो काही ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यात आभाला नोकरीला लागून वर्ष झालं होतं. तिच्या खोलीच्या दारावर 'वर्तन-आरोग्य तज्ज्ञ' अशी भारदस्त पाटी होती. पेशंट ती वाचायचे, घाबरायचे आणि तिला 'बोलायच्या मॅडम' म्हणायचे. दवाखान्याची पद्धत चांगली होती. डॉक्टर आधी तपासायचे आणि दुखण्याचं मूळ मनात आहे असं वाटलं, की स्वतः उठून पेशंटला शेजारी आभाच्या खोलीत आणून सोडायचे.

गोदूबाईही तशाच आल्या होत्या. सुकापूरला त्यांच्या भातशेतीवर टॉवर उभा राहिला होता आणि त्याच टॉवरच्या सातव्या मजल्यावर त्या मुलाकडे राहत होत्या. तिथे त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी सगळं तपासलं, एक व्हिटॅमिनची गोळी दिली आणि बाई आभाच्या हवाली केल्या. पुढचे दोन महिने आभाने कष्ट उपसले. संध्याकाळचा चहा सोडवला, दुपारचं लोळणं सोडवलं, रोज खाली उतरून चालायला लावलं. आणि ऐकलं किती! सुनेबद्दल, लिफ्टबद्दल, गेलेल्या शेताच्या बांधावरच्या आंब्याबद्दल.

"तुमच्या गोलीनं झोप लागली बगा," गोदूबाई आता डॉक्टरांना सांगत होत्या.

"अहो, हे सगळं आमच्या आभा मॅडमचं काम," डॉक्टर म्हणाले.

"हां, ती पन चांगली हाय."

ती पण! आभाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मॅडम, अर्धा घेऊन जाता का?" डॉक्टरांनी माशाकडे बोट दाखवत उदारपणे विचारलं.

"मी खात नाही," आभा म्हणाली. खरं तर तिला म्हणायचं होतं, की सगळा का नाही देत?

त्याच दुपारी एक बाई जावेच्या नव्या गाडीवरून जळफळत तिच्यासमोर बसली होती. "दुसऱ्याला काय मिळालं यावर आपली किंमत ठरत नसते," आभा तिला मऊ आवाजात समजावत होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून डॉक्टरांचा फोनवरचा आवाज आला, "अगं, मसाला वाटून ठेव, जिताडा आणतोय! पेशंटचं प्रेम, दुसरं काय!" आभाने समोरच्या बाईला पाणी विचारलं आणि पेला स्वतःच पिऊन टाकला.

आठवड्याच्या बैठकीत तिने डाव टाकला.

"सर, गोदूबाईंची ती गोळी कशासाठी चालू आहे? रिपोर्ट तर कधीच नॉर्मल आलाय."

मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. हेतू शंभर टक्के कुजका होता. गोळी थांबेल, झोप तशीच राहील आणि मग कळेल सगळ्यांना, झोप कुणामुळे लागते ते!

"बरोबर बोललात, बंद करू," डॉक्टर सरळ मनाने म्हणाले. काउंटरवरच्या कुमुदने लगेच फोन लावला. तो गोदूबाईंच्या मुलाने, शिवाने उचलला. "आईंच्या गोळ्या बंद झाल्या बरं का," कुमुदने आनंदाने सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गोदूबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बरी झाली बाई, आता माझी आठवण कशाला काढेल, असं म्हणत आभा आणखीनच धुमसत राहिली.

आणि मग एका सकाळी खच्चून भरलेल्या दवाखान्यात त्या उगवल्या. डोळे लालभडक, केस पिंजारलेले.

"माजी गोली कोनी बंद केली?"

कुमुद कधी खोटं बोलायची नाही. "आभा मॅडमनी," ती म्हणाली.

"हिनं माजी झोप घालवली!" गोदूबाईंनी सगळ्यांदेखत जाहीर केलं.

बाकावर आभाचे तीन पेशंट बसले होते. एकाला तत्काळ आठवलं की बँकेत काम आहे. दुसरीची डोकेदुखी जागच्या जागी थांबली. तिसरा कुमुदला हळूच म्हणाला, "मला डॉक्टरांकडेच पाठवा. माझी झोप जरा बरी आहे सध्या."

"मॅडम, गोळी परत सुरू करायची का?" डॉक्टर बाहेर येऊन विचारू लागले. ते काळजीने विचारत होते, पण आभाला त्यात मसाल्याचा वास आला. ती गोदूबाईंना हाताला धरून आपल्या खोलीत घेऊन गेली.

"गोदूबाई, ती साधी ताकदीची गोळी होती हो. तिनं झोप येत नाही."

"मना म्हाईत हाय."

"मग?"

"अगो, गोल्या सरल्या की शिवा रिक्षेत बसवून द्यायचा. आता म्हनतो, गोल्या नाय तर दवाखाना कशाला? तुज्याशी बोलाया जातंय असं सांगू घरात? सून म्हनंल सासू येडी झाली! इतके दिस कोनाशी बोलले नाय. झोप येल कुठून?"

आभाने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. इथेच गप्प बसायला हवं होतं तिने. पण आतली ठसठस गप्प बसेना.

"मग जिताडा त्यांना का दिलात?"

गोदूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या आणि मग पोट धरून हसायला लागल्या. "अगो येडे! जिताडा कामासाठी देतात. ज्याची सही लागते त्या सायबाला! डाक्तर गोल्या लिवत ऱ्हायला पायजे ना, तरच मी तुज्याकडं येनार. तू तर घरातली. घरातल्याला कोन लाच देतंय?"

मागोमाग आलेले डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी हातात घेऊन दारातच उभे होते. त्यांचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे... ती लाच होती? मी तर अख्ख्या सोसायटीला सांगितलं, पेशंट किती जीव लावतात म्हणून."

"गोड लागला ना? मंग झालं तर."

"आणि मी? मी नाही का घरातला?"

"तुमी सायेब," गोदूबाई समजूत घालत म्हणाल्या.

डॉक्टरांनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं. "बसतो मी पण जरा. मलाही सांगा की, कसला तो आंबा, कसली ती लिफ्ट. आत्ता पेशंट फार नाहीत."

बाहेर बारा जण ताटकळत होते.

"तुमी गोल्या लिवा, डाक्तर," गोदूबाई म्हणाल्या. "आनि जाताना दार लावा."

डॉक्टरांनी आपल्याच दवाखान्यातलं दार बाहेरून हळूच ओढून घेतलं. आभाला त्यांची दया यायला हवी होती. तिचं सगळं शिक्षणच त्यासाठी झालं होतं. पण नाही आली. जरासुद्धा नाही.