तीन ओळींचा करकोचा

तीन ओळी! फक्त तीन ओळी लिहा आणि संगणकाच्या पडद्यावर घर उभं, धुराड्यातल्या धुरासकट! ही फुशारकी मी डॅन्यूबकाठच्या आमच्या विद्यापीठात इतक्यांदा मारली, की कॅन्टीनमध्ये चीजची खुसखुशीत बानित्सा वाढणारी बाईसुद्धा मला ‘तीन ओळी’ म्हणू लागली.

पहिल्या वर्षाच्या पोरांना चित्रं काढत प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून मी एक लायब्ररी बनवली होती. (पुस्तकांची नव्हे, तयार हुकमांची!) नाव ‘कलिंका’. आमच्या गावाकडच्या बकरीचं. दोघी समजूतदार. संगणक उंची वरून खाली मोजतो, शाळा खालून वर. म्हणून नवख्यांची घरं शीर्षासन करतात. कलिंकात मी शाळेची रीत ठेवली. शोध एवढाच. पण रुबाब असा, जणू गुरुत्वाकर्षण मीच बसवलंय!

एक मार्चला कुलगुरू वेलिच्कोवाबाई प्रात्यक्षिक बघणार होत्या. पसंत पडलं तर कलिंका अभ्यासक्रमात. नाही तर पुन्हा पडद्यावरच्या काळ्या खिडकीत नुसत्या मूळ संख्या छापणं, आणि निम्मी पोरं नाताळाआधी पळून अर्थशास्त्रात! माझं निवृत्तीचं वर्ष. दुसरी संधी नव्हती.

चित्र निवडलं करकोच्याचं. आमच्याकडे वसंताच्या स्वागताला त्या दिवशी एकमेकांच्या मनगटावर बांधलेले लाल-पांढरे दोरे पहिला करकोचा दिसल्यावरच सोडायचे ना!

मी पाच मिनिटं आधी पोचलो. लॅपटॉपवर बघतो तर करकोचा उलटा! पाय आभाळात! पण मी कलिंकाचा बाप. उंचीच्या आकड्याआधी एक उणे चिन्ह टाकलं, करकोचा ताठ! भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बापाला पाहायची काय गरज?

कुलगुरूबाई मनगट खाजवतच आल्या. सकाळपासून नऊ जणांनी दोरे बांधले होते आणि लोकर त्यांना सोसत नाही.

“बघा!” मी पडद्याकडे पाठ करून गरजलो. “तीन ओळी!” आणि टाइप करू लागलो. अख्ख्या सभागृहाने माना वाकड्या केल्या. तल्लीन झाले, मी मनात म्हटलं. डीनसाहेब तर तल्लीन होता होता शेजारणीच्या खांद्यावर पोचले.

“प्राध्यापक,” कुलगुरूबाई हळूच म्हणाल्या, “तुमचा करकोचा गेला.”

“कुठे?”

“देवाघरी.”

मी वळलो. भिंतीवर चार मीटरचा करकोचा डोक्यावर, तंगड्या छताकडे! खाली माझ्या तीन ओळी, त्याही डोक्यावर उभ्या!

“सर,” माझी साहाय्यक रालित्सा रडकुंडीला आली, “मी सवयीने वरून खाली मोजून काढला होता. उलटा आला, म्हणून एक उणे टाकलं. सरळ झाला होता हो!”

“ते उणे तुझं होतं होय?” आमचे सहकारी स्तामेनोव उठले. “मला वाटलं, फालतू राहिलंय. मी काढून टाकलं.”

“कोणाला विचारून?” मी ओरडलो.

“मदत काय विचारून करायची असते?”

“थांबा, थांबा!” मागून प्रोजेक्टरवाले त्सोन्कोकाका, हातात कॉफी. “मला भिंतीवर उलटा दिसला, तर मी प्रोजेक्टरचंच चित्र फिरवून दिलं. झकास उभा होता! कॉफी आणायला गेलो तोवर! साहेब, तुम्ही काही केलंत का?”

दोनशे डोळे माझ्यावर.

“मी? एकच. छोटंसं.”

कुलगुरूबाईंनी मनगट खसाखसा खाजवलं. “मेलेला करकोचा चालतो का हो?”

“छे, बाई! जिवंतच लागतो,” त्सोन्कोकाका म्हणाले.

“मग करा जिवंत! लवकर!”

काकांनी रिमोटचं एक बटण दाबलं. करकोचा उभा! माझ्या ओळीही! बाईंनी नऊच्या नऊ दोरे ओरबाडून काढले, प्रोजेक्टरच्या खांबाला बांधले आणि असा सुस्कारा सोडला, की पहिल्या रांगेतले कागद उडाले.

“मंजूर!”

आठवड्याने आदेश आला. कलिंका पहिल्या सत्रापासून लागू! प्रकल्पप्रमुख : त्सोन्को. साहाय्यक : मी.

मी सही ठोकली. कार्यालयातल्या मुलीने कागद हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला.

“सर, सही पुन्हा करा. या खेपेला कागद सरळ धरून.”